श्रीलंका: बीच नकोत, जुनी शहरं आणि म्युझियमं बघायचीत. नऊ दिवसांत काय काय जमेल?

गुळपोळी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत आम्ही चौघं श्रीलंकेला जातोय. मी, नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई ६९ची आहे, सपाटीवर माझ्यापेक्षा जास्त चालते पण जिना दिसला की गुडघा बोलायला लागतो. येणंजाणं धरून नऊ दिवस आहेत. एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो तर त्याने काढून दिलेल्या प्लॅनमध्ये चार रात्री समुद्रावर, एक दिवस हत्ती, एक दिवस चहाचे मळे आणि उरलेल्या वेळात रामायणातली ठिकाणं. मी म्हटलं अनुराधपुर? तर म्हणाला, "तिथे काय आहे मॅडम, नुसत्या विटा आहेत." आता मला विटाच बघायच्यात हे त्याला कसं सांगू?

घरात इतिहासाचं वेड मला आणि आईला, नवरा 'चहा कुठे मिळेल' पार्टीतला, आणि मुलगा मोबाईलमध्ये. तर कोलंबो, अनुराधपुर, पोलोन्नरुवा, सिगिरिया, दंबुल्ला, कँडी, गॉल आणि जमलंच तर जाफना असं डोक्यात आहे. जास्त होतंय का? कोलंबोचं म्युझियम बघण्यासारखं आहे का? ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा प्लीज.

घाटवाट

ट्रॅव्हलवाला खोटं बोलला नाही, विटाच आहेत. फक्त किती ते सांगायला विसरला. अनुराधपुरातला एकटा जेतवनराम स्तूप घ्या, तिसऱ्या शतकात महासेन राजाने सुरू केला, त्यात अंदाजे ९ कोटी ३३ लाख विटा आहेत. बांधला तेव्हा सुमारे १२२ मीटर उंच होता, म्हणजे गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर त्या काळी जगात त्याहून उंच काही नव्हतं. आज ७१ मीटर उरलाय. एकोणिसाव्या शतकात टेनंट नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिशेब मांडला होता की या विटांची दहा फूट उंच नि एक फूट जाड भिंत बांधली तर लंडनपासून एडिंबरापर्यंत जाईल. आपल्या हिशेबात साधारण मुंबई ते पणजी समजा.

आणि हो, जास्त होतंय. जाफना काढा.

भिंगरी

+१ जाफना काढा. मी गेलेय जाफन्याला, सुंदर आहे, डच किल्ला आहे, नल्लूरचं मंदिर आहे आणि ती लायब्ररी आहे जी १९८१ला जाळली होती, सत्त्याण्णव हजारांच्या आसपास पुस्तकं, ताडपत्रांसकट. आता परत बांधलीय, पांढरीशुभ्र, बाहेर सरस्वती बसलीय. मी आत गेले तर कॉलेजची मुलं परीक्षेचा अभ्यास करत बसली होती, पंखे फिरत होते, कोणीतरी डबा उघडला होता, आणि मला एकदम भरूनच आलं. पण त्यासाठी वेगळी ट्रिप करा, आता नागपट्टिनमवरून बोटही चालू झालीये २०२३पासून. नऊ दिवसांत कोंबू नका.

जुना लेखनिक

गुळपोळी, तुमची यादी वाचून आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांची आठवण झाली, ते युरोप अकरा दिवसांत करून आले होते आणि कुठला फोटो कुठल्या देशातला यावर नवराबायकोची अजून भांडणं होतात. हलकेच घ्या.

एक सुचवतो. श्रीलंकेची जुनी शहरं पाठोपाठ बघितली की सगळे स्तूप सारखे वाटायला लागतात, तसं होऊ नये म्हणून हाताशी एक धागा हवा. तो धागा म्हणजे दात. बुद्धाचा दंतधातू. चौथ्या शतकात कलिंगातून हेमामाली नावाची राजकन्या केसांत लपवून तो लंकेत घेऊन आली अशी कथा आहे. तेव्हा राजधानी अनुराधपुर. पुढे असं झालं की ज्याच्याकडे दात त्याचं राज्य, त्यामुळे राजधानी हलली की दातही हलला. चोळांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अनुराधपुर संपवलं आणि पोलोन्नरुव्यात ठाण मांडलं, त्यांना हाकलून सिंहली राजा विजयबाहूने तिथेच राजधानी केली, मग दातासाठी पोलोन्नरुव्यात एक देऊळ, त्याच्या शेजारी पुढच्या एका राजाचं अजून एक. मग दंबदेणिया, यापहुवा, कुरुनेगल, गंपोल, कोट्टे, असं फिरत फिरत शेवटी कँडी. तुम्ही अनुराधपुर, पोलोन्नरुवा, कँडी याच क्रमाने जा. दाताच्या मागे मागे जायचं, आपोआप पंधराशे वर्षं उलगडत जातात.

सावंतवाडीकर

जुना लेखनिक काका, एक नंबर. पण दाताची गोव्यातली वारी राहिली की!

१५६०मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कॉन्स्टंटिनो द ब्रागांझा जाफन्यावर चालून गेला, तिथे लुटीत त्याच्या हाताला एक दात लागला. तो गोव्यात आणला. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाला कळलं, त्याने दात परत मिळावा म्हणून प्रचंड रक्कम देऊ केली. व्हाइसरॉयला पैसे हवे होते, पण आर्चबिशप म्हणाले मूर्तिपूजेला मदत होईल, नाही. शेवटी सगळ्यांसमोर खलबत्त्यात कुटला, शेगडीत जाळला आणि राख नदीत. म्हणजे आपल्या मांडवीत. सिंहली लोक म्हणतात तो खरा दात नव्हताच, खरा आम्ही आधीच लपवला होता. मी जुन्या गोव्याला शंभर वेळा गेलोय, पण कँडीला जाऊन आल्यावर तिथल्या धक्क्यावर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा हे डोक्यात आलं.

अवांतर: तिकडचे इंडिआप्पा म्हणजे आपले शिरवाळेच. आपण गोड रसात बुडवतो, ते खोबऱ्याच्या तिखट संबोलाबरोबर नाश्त्याला खातात. आणि आप्पा म्हणजे घावणाचा वाटीसारखा भाऊ. आईंना जेवणाचा त्रास होणार नाही, नारळ सगळीकडे आहे.

गुळपोळी

बापरे, एका दिवसात इतके प्रतिसाद! धन्यवाद सगळ्यांना. आईला वाचून दाखवलं, ती गोव्याची गोष्ट ऐकून दोन मिनिटं काही बोललीच नाही. मुलाने फक्त "खलबत्त्यात?" एवढं विचारलं, पण विचारलं.

जाफना काढलं. आता सिगिरिया. आईला घेऊन चढायचं का? आणि तो खडक बघायचाच का नाही तर सरळ वगळू?

भिंगरी

वगळू नका!! पण आईंना वर नेऊ नका. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, शेवटच्या, सिंहाच्या पंजापासून वरच्या, लोखंडी आहेत, वारा असतो आणि मागे माणसं असतात त्यामुळे मधेच थांबून श्वास घ्यायचीही सोय नाही. सकाळी उघडताच जा, दहानंतर खडक तव्यासारखा तापतो. आणि गांधीलमाश्या! पाट्या लावल्यात की आवाज करू नका, त्या खऱ्याच आहेत, आमच्या वेळी पुढच्या ग्रुपमधला एकजण मोठमोठ्याने गाणी म्हणत होता त्याला गाइडने असा काही झापला की विचारू नका.

अर्धा कप

मी जरा वेगळं मत मांडतो, मार खायची तयारी ठेवून. सिगिरिया ओव्हररेटेड आहे. तिकीट महाग, गर्दी भयंकर, वर जाऊन काय तर पाया उरलेल्या भिंती आणि एक टाकं. आपल्याकडे रायगड आहे, राजगड आहे, फुकटात.

घाटवाट

अर्धा कप, रायगडाशी तुलना चुकतेय, अजिंठ्याशी करा.

सिगिरियाचा कश्यप म्हणजे ४७७ ते ४९५. बाप धातुसेनाला मारून गादीवर आला, भाऊ सूड घ्यायला येणार या भीतीने या खडकावर राजवाडा बांधला. खडकाच्या मध्यावर कपारीत त्याने स्त्रिया चितारून घेतल्या, ढगातून कमरेपर्यंत बाहेर आलेल्या, हातात फुलं, परड्या. आज विसेक उरल्यात. आता आपल्या अजिंठ्याची नंतरची लेणी घ्या, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळची, तीही पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. म्हणजे वाघूर नदीच्या काठावर कोणीतरी ब्रश धुवत होतं तेव्हा तिकडेही कोणीतरी धुवत होतं. डोळे, मान वळवायची पद्धत, बोटं, सगळं ओळखीचं वाटतं, आणि तरी वेगळं आहे, तिकडची रेघ जास्त बिनधास्त आहे. एकीचा हात चित्रकाराने आधी एका जागी काढला मग बदलला, तर जुना हात अजून खालून दिसतो.

वरून गंमत म्हणजे अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात सिंहल अवदान या बौद्ध कथेचं मोठं चित्र आहे, व्यापारी सिंहल, राक्षसिणींचं बेट, घोडा, मग सैन्य घेऊन लंकेवर उतरणं. महाराष्ट्रातल्या भिंतीवर लंका आहे. आधी ती बघून मग लंकेला जावं असं माझं मत.

आणि चित्रांखालून जाणारी आरशाची भिंत! ती इतकी घोटलेली होती की राजाला चालताना स्वतःचं प्रतिबिंब दिसायचं म्हणतात. राजवाडा ओस पडल्यावर पुढची कित्येक शतकं येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्या भिंतीवर त्या बायकांवर कविता कोरल्या. सेनरत परणवितान नावाच्या पुरातत्त्वज्ञाने त्यातल्या ६८५ वाचून छापल्या. आपण गडावर बदाम आणि नावं कोरणाऱ्यांना शिव्या घालतो, बरोबरच आहे, पण त्यांनी निदान छंदात तरी कोरलं.

अर्धा कप

बरं बाबा, शब्द मागे. पण तिकीट महाग आहे यावर ठाम.

भिंगरी

तिकिटाचं ऐका सगळ्यांनी. पासपोर्ट बरोबर ठेवा, हॉटेलात नको, फोटो नको, खरा. सिगिरिया, पोलोन्नरुवा, अनुराधपुर या ठिकाणी परदेशी लोकांना डॉलरचा दर असतो पण सार्क देशांच्या, म्हणजे आपल्याही, नागरिकांना कमी. काउंटरवाला स्वतःहून विचारेलच असं नाही. आम्ही पहिल्या दिवशी चौघांचे पूर्ण पैसे भरून बसलो, कारण पासपोर्ट गाडीत आणि गाडी दोन किलोमीटरवर.

नागपुरी संत्रं

धागा छान चालू आहे. माझे आईबाबा आणि मी, आम्ही तीर्थयात्रा म्हणूनच गेलो होतो, त्यामुळे आमचं बघणं जरा निराळं होतं, ते लिहितो.

अनुराधपुरात बोधीवृक्ष आहे, जय श्री महाबोधी. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या झाडाची फांदी घेऊन इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात तिथे गेली. लावल्याचा काळ माहीत असलेलं आणि माणसाने लावलेलं जगातलं सगळ्यात जुनं झाड तेच. बोधगयेचं मूळ झाड गेलं, आज जे आहे ते एकोणिसाव्या शतकात लावलेलं. आणि आमच्या नागपूरला दीक्षाभूमीवर जो बोधीवृक्ष आहे तो भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपुराहून आणलेल्या फांद्यांचा. म्हणजे माझे बाबा ज्या झाडाखाली दरवर्षी बसतात त्याच्या आईला भेटायला ते गेले होते. बाबासाहेब १९५०मध्ये बौद्ध परिषदेला श्रीलंकेला जाऊन आले होते, बाबांना ते सगळं पाठ, ड्रायव्हरला हिंदीत सांगत होते, त्याला काही कळत नव्हतं पण 'आंबेडकर' म्हटल्यावर तो मान हलवायचा.

प्रत्यक्षात झाड दिसतं किती? फारसं नाही. उंच चौथऱ्यावर आहे, सोनेरी कुंपण, फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत. खाली लोक पांढऱ्या कपड्यात वाळूवर बसलेले असतात, कमळाच्या कळ्या हातात, पाकळ्या एकेक करून उलगडून ठेवतात. एक पान पडलं की दहा हात पुढे होतात, पण ढकलाढकली नाही. माझी आई तासभर बसली. त्यामुळे प्लॅन करताना अनुराधपुरला 'साईट' समजून दोन तास देऊ नका. ते चालू देवस्थान आहे.

आणि मोजे घ्या! सगळीकडे चपला बाहेर काढायच्या, रुवनवेलीसाय स्तूपाच्या भोवतीची फरशी दुपारी बारा वाजता म्हणजे जिवंत जाळणं. मी अक्षरशः नाचत प्रदक्षिणा घातली. तिकडचे लोक आरामात चालत होते.

जुना लेखनिक

वा, नागपुरी संत्रं, फार आवडलं. त्यात भर: त्याच भागात अभयगिरी विहार आहे, फाहियान हा चिनी भिक्षू पाचव्या शतकाच्या सुरुवातीला दोन वर्षं लंकेत राहिला तो इथलं वर्णन लिहून गेलाय. तिथे एका ठिकाणी पायरीपुढचा अर्धचंद्र दगड जरूर बघा, त्याला संदकड पहण म्हणतात. बाहेर ज्वाळा, मग हत्ती-घोडा-सिंह-बैल एकामागे एक धावतायत, मग वेल, मग चोचीत देठ धरलेले हंस, मधे कमळ. पोलोन्नरुव्याला पोचलात की तिथला अर्धचंद्र बघा, त्यातला बैल गेलेला आहे. मधल्या काळात हिंदू प्रभाव वाढला आणि बैलावर पाय द्यायला नको वाटलं म्हणून, असं सांगतात. मुलाला हे 'फरक ओळखा' म्हणून द्या, मोबाईल खाली ठेवेल.

चष्मेबद्दूर

म्युझियमबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी. कोलंबोचं राष्ट्रीय संग्रहालय १ जानेवारी १८७७ला उघडलं, गव्हर्नर ग्रेगरीने बांधून घेतलं, पांढरी इमारत, समोर प्रचंड वड. एसी सगळीकडे आहे अशी अपेक्षा ठेवू नका, लेबलं काही ठिकाणी इतकी पुसट की टॉर्च लावावा लागतो. तरी अर्धा दिवस द्याच.

तीन गोष्टी. पहिली, कँडीच्या राजाचं सिंहासन. डच गव्हर्नरने १६९३मध्ये भेट दिलेलं, १८१५ला इंग्रजांनी राज्य घेतल्यावर ते विलायतेला गेलं, १९३४ला परत आलं. दुसरी, पोलोन्नरुव्यातल्या शिवमंदिरांच्या परिसरात सापडलेल्या ब्राँझ मूर्ती, नटराज आणि पार्वती, अप्रतिम. आणि तिसरी माझी सगळ्यात आवडती, गॉलचा तीन भाषांतला शिलालेख. चिनी आरमाराचा सरदार झेंग हे याने आणलेला, त्यावर तारीख १४०९ची. चिनीत बुद्धाला, तमिळमध्ये विष्णूच्या स्थानिक रूपाला आणि फारसीत अल्लाला दान दिल्याचं लिहिलंय, सोनं, चांदी, रेशीम, तेल, आणि तिघांना जवळपास सारखंच. सगळ्यांना खूष ठेवणारा हिशेबी माणूस. तो दगड १९११मध्ये गॉलला एका गटारावर झाकण म्हणून टाकलेला सापडला. लेख खालच्या बाजूला होता म्हणून वाचला!

अजून एक, डचांनी १७६५ला कँडीचा राजवाडा लुटला त्यातली छोटी नक्षीदार तोफ अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात होती, ती आणि बाकी पाच वस्तू २०२३च्या डिसेंबरमध्ये परत केल्या. तारा देवीची सोनेरी मूर्ती मात्र अजून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, इथे नक्कल.

अर्धा कप

गॉलबद्दल मी लिहितो, मघाशी शिव्या खाल्ल्या त्याची भरपाई. कोलंबो फोर्टवरून ट्रेनने जा, अडीच-तीन तास, उजव्या बाजूची खिडकी धरा, रूळ समुद्राला इतके चिकटून की पाय धुवून घ्यावे. वाटेत पेरलिय लागतं, २००४च्या सुनामीत तिथे आख्खी ट्रेन वाहून गेली होती, हजारावर माणसं. तिथे उंच बुद्ध उभा आहे, अफगाणिस्तानातल्या बामियानच्या धर्तीवरचा.

गॉलचा किल्ला आधी पोर्तुगीज, मग १६४०पासून डच, मग इंग्रज. जुन्या दरवाज्याला बाहेरून इंग्रजांचं राजचिन्ह, आतून डच कंपनीचं, १६६९ सालचं, त्यात सिंहांच्या वर एक कोंबडा उभा आहे. डच चर्चमध्ये तुम्ही चालता ती फरशी म्हणजे थडग्यांचे दगड आहेत, कवट्या कोरलेल्या. सुनामीत बाहेरचं नवं गॉल उद्ध्वस्त झालं पण तटबंदीच्या आतलं बरंचसं वाचलं. कॅफे मात्र आता फार झालेत, प्रत्येक डच घरात कोणीतरी कॉफी विकतोय. गुळपोळीच्या नवऱ्याला पाठवा.

सावंतवाडीकर

अजून एक, पोया. दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, दारू मिळत नाही, मटणाची दुकानं बंद, देवळांना तुडुंब गर्दी. तारखा बघून घ्या. फेब्रुवारीत नवम पोया येतो.

आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सेल्फी तर नाहीच.

गुळपोळी

(पाच आठवड्यांनी)

आले परत! उशीर झाला, पण ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना हिशेब द्यायला हवा.

शेवटी असं केलं: विमानतळावरून थेट अनुराधपुर, तिथे दोन रात्री, मग सिगिरियाजवळ तीन रात्री राहून दंबुल्ला आणि पोलोन्नरुवा, कँडी एक, कोलंबो दोन, त्यातला एक दिवस गॉल. ट्रॅव्हलवाला बदलला. नवी गाडी ज्याच्याकडून घेतली तोही धुतल्या तांदळाचा नव्हता, रोज कुठेतरी "फाइव्ह मिनिट्स मॅडम" म्हणून मसाल्याच्या बागेत नाहीतर रत्नांच्या दुकानात नेऊन उभा करायचा. तिसऱ्या दिवशी आईने त्याला मराठीत सुनावलं. भाषा कळली नसावी पण सूर कळला, त्यानंतर बंद.

जेतवनरामाला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. लाल विटांचा डोंगर, वर गवत, माकडं, माणसं दहा-बारा. मुलाने विटेची लांबी वितीने मोजली आणि बसून मोबाईलवर गणित करायला लागला, आमच्या सोसायटीच्या किती बिल्डिंगा होतील. बराच वेळ लागला. उत्तर त्याने मला सांगितलं नाही, म्हणाला चूक असेल, घरी जाऊन परत करतो. तेवढ्यात आई एकटीच पूर्ण फेरी मारून आली, मोजे घालून. नागपुरी संत्रं, मोज्यांबद्दल तुम्हाला आमच्याकडून पोटभर जेवण.

महाबोधीला सकाळी गेलो. शेजारी बसलेल्या एका आजींनी आईला कमळाची पाकळी कशी उलटी मुडपायची ते दाखवलं, एक शब्द न बोलता, आईची तीनदा फाटली, चौथी जमली.

सिगिरियाला आई वर आली नाही. खाली पाण्याच्या बागांमध्ये फिरली, मग पायथ्याच्या म्युझियममध्ये दीड तास काढला, आणि आम्ही खाली आलो तेव्हा तिला आमच्यापेक्षा जास्त माहिती होती. १९६७मध्ये कोणीतरी चित्रांवर रंग फासला होता आणि ती पुन्हा साफ करून घ्यावी लागली, हे मला तिच्याकडूनच कळलं. चित्रांचे फोटो काढू देत नाहीत ते बरंच आहे, निदान लोक बघतात तरी. घाटवाट, तो जुना हात दिसला! मला नाही, मुलाला दिसला.

पण खरं सांगू, माझं सगळ्यात आवडतं पोलोन्नरुवा. तळ्याकाठच्या म्युझियममध्ये तिकीट काढून तिथेच इमारतींच्या लाकडी प्रतिकृती बघून घेतल्या, त्यामुळे नंतर नुसते खांब दिसले तरी छप्पर डोक्यात होतं. आम्ही तिघं भाड्याच्या सायकलींवर, आई गाडीत. गल विहाराला पोचलो तेव्हा घामाने निथळत होतो. एकाच सलग दगडात चार मूर्ती, आडवा बुद्ध १४ मीटरचा, पराक्रमबाहू राजाच्या काळातला, बाराव्या शतकातला. वरचं छप्पर कुरूप आहे, आधीच सांगते. पण जवळ जाऊन उशी बघा. डोक्याच्या वजनाने उशी जिथे दबते तिथे दगडात खळगा केलाय, कापसाच्या उशीला पडतो तसाच. आणि पाय बघा, एका पावलाची बोटं दुसऱ्याच्या जरा मागे सरकलेली. आई म्हणाली, "गेले की पाय असे सैल पडतात." बाबांच्या वेळचं तिला आठवलं असणार. आम्ही कोणी काही बोललो नाही, थोडा वेळ तिथेच कट्ट्यावर बसलो.

अर्धचंद्रातला बैल मुलाने शोधला आणि नाही हे कळल्यावर गाइडलाच विचारलं, गाइड खूष.

कँडीला संध्याकाळच्या पूजेला गेलो. ढोल सुरू झाले की अंगावर येतात. दात दिसत नाहीच, सोन्याच्या सात करंड्यांत एकात एक ठेवलेला आहे, रांगेतून जाताना बाहेरची करंडी दोन सेकंद दिसते आणि मागचा पुढे ढकलतो. आपल्या पंढरपूरच्या मुखदर्शनासारखं. आईने हळूच विचारलं, हा गोव्यात गेलेला की दुसरा? मी म्हटलं हा न गेलेला.

कोलंबोत नेमका नवम पोया लागला. तारखा बघून घ्या असं स्पष्ट लिहिलं होतं, तरी बघितल्या नाहीत, चूक माझी. संध्याकाळी गंगारामय देवळाची मिरवणूक, आसपासचे रस्ते बंद, दिव्यांच्या झुली घातलेले हत्ती, आणि आमचं हॉटेल रस्त्याच्या त्या बाजूला. साडेतीन तास फुटपाथवर. नवऱ्याला चहा मिळाला नाही. म्युझियम दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाच्या आधी घाईत बघितलं, त्यामुळे सिंहासन नीट बघायचं राहिलं, पण गटाराचं झाकण बघितलं. मुलगा त्याच्यापुढे उभा राहून म्हणाला, फारसीवाला भाग सगळ्यात झिजलाय.

चष्मेबद्दूर

बरोबर पकडलं पोराने! फारसी भाग खरंच जास्त झिजलाय, सगळा वाचताही येत नाही. शाबास सांगा त्याला.

भिंगरी

सुंदर लिहिलंय. उशीचं वाचून फोटो काढून बघितले माझे, चार फोटो आहेत त्या मूर्तीचे आणि चारीत मी उशी कापलीये.

अर्धा कप

बिल्डिंगा किती झाल्या ते नाही सांगितलं?

गुळपोळी

तीन उत्तरं आलीत आतापर्यंत. विटा भरीव धरायच्या की मधे चुना, यावर सध्या घरात वाद चालू आहे.